मशीन नवी, हिशोब जुनाच हवा

गेले काही महिने बाजारात ज्या पेढीवर जावे तिथे एकच तक्रार कानी पडते. कॉम्प्युटर बदलावा लागणार, आणि बदलला की बिलिंगचा प्रोग्राम पूर्वीसारखा चालेल याचा भरवसा नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. घरगुती वापराच्या मशिनींना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर झाली, पण मुदत ती मुदतच. विंडोज ११ घालावी तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे जुन्या मशिनी अडगळीत जाणार, नव्या येणार, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांचे हिशोब चढवावे लागणार.

अशा वेळी आपले व्यापारी बंधू दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण "काही होत नाही" म्हणून नवी मशीन लावून दुसऱ्या दिवशी बिले फाडू लागतात. काही जण भीतीपोटी जुन्या मशिनीला हातच लावत नाहीत. प्रोग्रामवाला तिसरेच सांगतो. सगळे पहिल्यापासून तपासावे लागेल, चार दिवस माणूस पाठवतो, त्याचा इतका खर्च येईल. आमचे मत असे की हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत. तपासणी हवीच, पण सगळ्याची तपासणी नको. कुठे तपासायचे हे ज्याने आधी ठरवून ठेवले, त्याचे चार दिवसांचे काम एका दुपारात होते आणि ते अधिक खात्रीचे होते.

कॉम्प्युटरच्या धंद्यात या कामाला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. आपण त्याला फेरतपासणी म्हणू. काल जे नीट चालत होते ते आज बदल केल्यानंतरही तसेच चालते काय, एवढेच त्यात पाहायचे असते. नवी वाटणारी ही गोष्ट आपल्या धंद्यात जुनीच आहे. ते पुढे सांगू. आधी आम्हाला लागलेली ठेच सांगतो.

तगाद्याचे एक पत्र

विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली. त्याच महिन्यात आम्ही पेढीवरची मशीन बदलली. बिलिंगचा प्रोग्राम जुनाच, एका प्रोग्रामवाल्याने आमच्यासाठी लिहून दिलेला. त्याने नव्या मशिनीवर तो चढवला, जुनी फाईल आणली आणि म्हणाला, तपासून घ्या. ती तारीख २७ जानेवारी. आम्ही आणि मुनीमजींनी मिळून आदल्या आठवड्यातली, म्हणजे २० ते २५ तारखेची, पन्नासेक बिले एकेक करून पडताळली. मीटर बरोबर, दर बरोबर, कर बरोबर, बेरीज बरोबर. समाधानाने त्याचे पैसे चुकते केले.

१ फेब्रुवारीला नेहमीप्रमाणे थकबाकीची यादी काढली आणि त्या यादीवरून तगाद्याची पत्रे गेली. त्यात परगावच्या एका व्यापाऱ्याला साडेदहा महिन्यांच्या थकबाकीचे पत्र गेले, व्याजाच्या आकड्यासह. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. एवढेच म्हणाले, "भाईसाहेब, वीस वर्षांत आम्ही तुमचा एक रुपया तरी अडकवला काय?" त्यांचे बिल ३ डिसेंबर २०१९ चे होते. उधारी ९० दिवसांची ठरलेली. मुदत भरायला अजून महिना शिल्लक होता.

झाले होते ते असे. आमचा प्रोग्राम तारीख साध्या अक्षरांत साठवत असे आणि वाचताना मशिनीच्या मांडणीवर विसंबत असे. जुन्या मशिनीवर आपली पद्धत लावलेली होती, आधी दिवस आणि मग महिना. नव्या मशिनीवर अमेरिकेची मांडणी तशीच राहून गेली होती, आधी महिना आणि मग दिवस. त्यामुळे ०३/१२/२०१९ ही तारीख तिने १२ मार्च २०१९ अशी वाचली. आम्ही तपासलेल्या २० ते २५ तारखांना मात्र काही झाले नाही. विसावा किंवा पंचविसावा महिना नसतोच, म्हणून प्रोग्रामने त्या तारखा गुपचूप उलटवून बरोबर वाचल्या. चूक फक्त प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत होती आणि आम्ही नेमके उरलेले दिवस तपासले होते.

उलट बाजूही ऐका. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे १२ मार्च २०१९ चे खरोखर थकलेले बिल यादीत ३ डिसेंबर २०१९ चे म्हणून ताजे दिसत होते. ज्याला तगादा करायला हवा तो सुटला आणि ज्याला करायला नको त्याचा अपमान झाला.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. मशिनीच्या मांडणीतला एक पर्याय बदलला, संपले. पण परगावच्या त्या व्यापाऱ्यांनी दोन दिवसांत सगळी रक्कम मुदतीआधी पाठवून दिली आणि खाते बंद केले. आम्ही स्वतः जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, मुलांची चौकशी केली, पण खाते पुन्हा उघडले नाही. पन्नास बिले तपासून जे सापडले नाही ते ३ तारखेच्या एका बिलाने सापडले असते. किती तपासले यापेक्षा काय तपासले याला किंमत आहे, हे त्या दिवशी कळले.

मागावरचा कारागीर काय करतो

भिवंडी-मालेगावच्या कारागीर बंधूंना हे समजावून सांगायची गरज नाही. माग एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी बसवला किंवा मोटर बदलली, तर कारागीर काय करतो? अख्खा ताणा उलगडून पाहत नाही. वीतभर कापड विणतो आणि नमुन्याच्या तुकड्याशेजारी ठेवतो. पन्हा मोजतो. काच लावून इंचातले उभे-आडवे धागे मोजतो. किनार पाहतो. कापड उजेडाला धरून पट्टी पडते काय ते बघतो. सुताचा नंबर पुन्हा तपासत नाही आणि रंगही तपासत नाही. माग हलवल्याने सूत बदलत नाही, हे त्याला ठाऊक असते.

फेरतपासणी कमी करण्याचे सगळे शास्त्र या वीतभर कापडात आहे. पहिली गोष्ट, नमुना आधीपासून जपून ठेवलेला असतो. दुसरी, बदलाचा परिणाम जिथे होऊ शकतो तिथेच डोळा जातो. तिसरी, तुलना आठवणीशी होत नाही, नमुन्याशी होते. आपण कॉम्प्युटर बदलतो तेव्हा यातले एकही करत नाही, म्हणून एक तर सगळे तपासत बसतो किंवा काहीच तपासत नाही.

चूक शिरते ती जागा

नवी मशीन बेरीज चुकते काय? जवळजवळ कधीच नाही. एक प्रसिद्ध अपवाद आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेल कंपनीच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराचा दोष सापडला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८ यायला हवे, तिथे १.३३३७ येत असे. कंपनीला त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार सोसावा लागला. तीस वर्षांनंतरही लोक ही गोष्ट सांगतात, ती असे क्वचित घडते म्हणूनच. तेव्हा नव्या मशिनीवर हजार बिलांच्या बेरजा पडताळणे म्हणजे माग हलवल्यावर सुताचा नंबर तपासण्यासारखे आहे.

चूक शिरते ती प्रोग्राम आणि मशीन यांच्या शिवेवर. शिवण उसवते ती जोडावर, तसेच हे आहे. व्यापाऱ्याच्या कामात असे जोड सहाच आहेत, ते बोटांवर मोजून ठेवावेत.

पहिला जोड तारखेचा. तो आमच्या गोष्टीत आला.

दुसरा छपाईचा. कार्बनच्या तीन प्रती काढणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून कित्येक पेढ्यांवर आहेत. जुने प्रोग्राम समांतर पोर्टावर थेट छापत, आणि नव्या मशिनीला ते पोर्ट बहुधा नसतेच. मग छपाई दुसऱ्या मार्गाने वळवावी लागते. त्यात कागदाची लांबी चुकते आणि दुसरे बिल पहिल्याच्या शेपटीवर छापले जाते.

तिसरा लिपीचा. मराठीत बिल काढणाऱ्यांनी इकडे खास लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे विंडोजबरोबर मंगल हा फॉन्ट येत असे. विंडोज १० पासून तो आपोआप येत नाही, जादा फॉन्ट म्हणून वेगळा घालून घ्यावा लागतो. न घातल्यास दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि गिऱ्हाइकाचे लांब नाव रकमेच्या रकान्यात घुसते.

चौथा जोड फाईलच्या जागेचा आणि परवानगीचा. जुने प्रोग्राम आपली फाईल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये लिहीत. विंडोज व्हिस्टापासून तिथे लिहायला साध्या वापरकर्त्याला मोकळीक नाही. काही वेळा विंडोज ती फाईल गुपचूप दुसरीकडे ठेवते. मग आपण ज्या फोल्डरची नक्कल काढून ठेवतो त्यात ताजा हिशोबच नसतो.

पाचवा, जोडलेल्या यंत्रांचा. बारकोडचे स्कॅनर, वजनकाटा, डिजिटल सहीचे टोकन. सहावा, जाळ्याचा. दुकानातून गोदामातल्या मशिनीवर साठा दिसतो काय, आणि ई-वे बिल व ई-इनव्हॉइस सरकारी पोर्टलवर चढते काय.

मशीन जलद झाली म्हणूनही प्रोग्राम मोडू शकतो. १९९० च्या दशकात बोरलँड कंपनीच्या टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्राम नव्या प्रोसेसरवर सुरू होताच "रनटाइम एरर २००" दाखवून बंद पडत. सुरू होताना ते मशिनीचा वेग मोजत, आणि मशीन इतकी जलद झाली की तो आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेना. आजची मोठी अडचण निराळी आहे. डॉसच्या जमान्यातले १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर मुळीच चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचीच येते. ज्यांचे काम अशा प्रोग्रामवर आहे त्यांनी मशीन विकत घेण्याआधी हे विचारून घ्यावे.

"आमचा प्रोग्राम वीस वर्षांचा, कसोटीला उतरलेला आहे," असे म्हणून तपासणी टाळणाऱ्यांनी एरियन अग्निबाणाची हकिकत ध्यानात ठेवावी. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियन ५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटला. दिशा सांभाळणारा प्रोग्राम एरियन ४ वरून उचललेला होता आणि तिथे तो उत्तम चालला होता. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ३२७६७ च्या मर्यादेत, मावला नाही. राखीव ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रातही तोच प्रोग्राम असल्याने तेही त्याच कारणाने बंद पडले. नव्या अग्निबाणाच्या उड्डाणाचे आकडे घालून तो भाग आधी तपासलाच गेला नव्हता. प्रोग्राम जुनाच होता, पण त्याच्याभोवतीचे यंत्र नवे होते.

पंधरा बिलांचा गठ्ठा

आता आम्ही काय करतो ते सांगतो. आम्ही पंधरा बिलांचा एक गठ्ठा बांधून ठेवला आहे. ती बिले खऱ्या बिलांवरूनच बेतलेली आहेत, नावे तेवढी बदललेली. प्रत्येक बिल एका जागेची परीक्षा घेते.

एक बिल ३ तारखेचे आणि एक २५ तारखेचे. एक ३१ मार्चचे, एक १ एप्रिलचे, म्हणजे वर्ष बदलते तिथे क्रमांक नीट पडतो काय ते कळते. एक २९ फेब्रुवारी २०२४ चे. एक राज्यातले, ज्यात कर केंद्र आणि राज्य असा अर्धा-अर्धा पडतो. एक परराज्यातले, ज्यात एकच आयजीएसटी लागतो. एक ३७.२५ मीटरचे, म्हणजे अपूर्णांक तुटतो काय ते दिसते. एक पन्नास पैशांवर येणारे, म्हणजे पूर्ण रुपया कुठे वळतो ते कळते. एक दहा लाखांवरचे, म्हणजे रकमेचा रकाना पुरतो काय ते दिसते. एक माल परत आल्याचे. एक लांबलचक मराठी नावाचे. एक दोन पानांचे. उरलेली दोन तयार कपड्यांची. एकात नग २५०० रुपयांचा आणि दुसऱ्यात २५०१ रुपयांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंतच्या नगाला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के कर आहे, आणि गोंधळ नेहमी अशा सीमेवरच होतो.

ही पंधरा बिले जुन्या मशिनीवर काढून कागदावर छापून ठेवली आहेत. त्यांच्यावरून निघणारी थकबाकीची यादी, साठ्याचा ताळा आणि कराचा गोषवारा हेही ठेवले आहे. त्यांच्या फाईलीही जपल्या आहेत. मशीन बदलली की त्याच फाईली नव्या मशिनीवर काढायच्या आणि जुन्यांशी ताडून पाहायच्या. हे ताडणे डोळ्यांवर सोडू नये. दहाव्या पानानंतर डोळा थकतो आणि ३ चा ८ झालेला दिसत नाही. दोन फाईलींतला फरक दाखवणारी एफसी नावाची आज्ञा डॉसच्या काळापासून आहे आणि विंडोजमध्ये आजही आहे. दोन्ही मशिनींवरचे अहवाल साध्या अक्षरांच्या फाईलीत काढून तिच्यापुढे ठेवले की फरक असलेल्या ओळी ती दाखवते. फरक नसेल तर तसे सांगते. माणसाने मग फक्त कागदावरची छपाई आणि जोडलेली यंत्रे पाहायची.

जुनी मशीन लगेच भंगारात देऊ नये. महिनाभर ती शेजारी राहू द्यावी आणि महिनाअखेरचे अहवाल दोन्हीकडे काढावेत. महिन्याचे पहिले बारा दिवस त्यात आलेच पाहिजेत, हे आता वाचकांना सांगायला नको.

एका वेळी एकच बदल

आमच्या मते सर्वांत जास्त वेळ वाचवणारा नियम हा आहे. मशीन बदलली तर उत्तर बदलता कामा नये. कायदा बदलला तर उत्तर बदलायलाच हवे. या दोन गोष्टी एकाच दिवशी केल्या तर बिलातला फरक कशाने पडला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग खरोखर सगळे पहिल्यापासून तपासावे लागते. कराचे दर बदलले त्याच आठवड्यात ज्यांनी मशीनही बदलली असेल, त्यांनी स्वतःचे काम चौपट करून घेतले. आधी जुन्या मशिनीवर नवे दर लावून गठ्ठा पुन्हा काढावा, तो बरोबर असल्याची खात्री करावी, आणि मगच मशीन बदलावी. तसेच मशीन, प्रिंटर आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती एकदम आणू नये. दोन-दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

दोन-तीन दुकाने असतील तर सगळीकडे एकाच दिवशी बदल करू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल जगभर एकदम पाठवली गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिनी निळा पडदा दाखवून बंद पडल्या. आपल्या देशातही विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आधी थोड्या मशिनींवर ती घालून पाहिली असती तर नुकसान तेवढ्यापुरते राहिले असते. ज्या दुकानात काम कमी तिथे बदल आधी करावा.

आणि तपासणी प्रत्यक्ष जागेवर करावी. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये खाती नव्या यंत्रणेवर नेली तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांना खाती उघडता येईनात. पुढे चौकशीत निघाले की दोन डेटा केंद्रे असताना भार पेलण्याची चाचणी एकाच केंद्रावर झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्या बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. दुकानात चालले म्हणजे गोदामात चालेलच, असे मानू नये.

हात न लावणाऱ्यांसाठी

मशीन चालते तोवर हात लावू नये, असे म्हणणाऱ्यांची भीती आम्ही समजू शकतो. पण हात न लावण्याचीही किंमत मोजावी लागते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. फाईलींना कुलूप घालून तो खंडणी मागत असे. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांचे काम त्याने अडवले. त्याच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. "दुरुस्ती लावली तर आपला प्रोग्राम मोडेल आणि पुन्हा सगळे तपासावे लागेल," या धास्तीनेच पुष्कळ ठिकाणी दुरुस्त्या लांबणीवर पडतात. म्हणून फेरतपासणी हलकी करणे हा काही आळस नव्हे. तपासणी हलकी झाली तरच माणूस वेळेवर दुरुस्ती लावतो.

ज्यांचा जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालतच नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. मशिनीच्या पोटात दुसरी मशीन बसवता येते. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामने नव्या मशिनीच्या आत जुनी विंडोज जशीच्या तशी चालवता येते. पुढे बाहेरची मशीन कितीही वेळा बदला, आतली तीच राहते. मग तपासायचे उरते ते फक्त दोहोंमधले जोड, म्हणजे छपाई आणि फाईलची देवाणघेवाण. एक सावधगिरी मात्र हवी. आतल्या जुन्या विंडोजला दुरुस्त्या मिळत नसतात, म्हणून तिला इंटरनेटपासून तोडून ठेवावे.

ज्यांचा प्रोग्राम इंटरनेटवरच चालतो त्यांना मशीन बदलण्याचा त्रास कमी, हे खरे. पण प्रिंटर आणि फॉन्ट तिथेही आहेतच, शिवाय प्रोग्रामवाला कोणत्याही रात्री न विचारता बदल करू शकतो. त्यांनी तोच गठ्ठा महिन्यातून एकदा काढून पाहावा.

बाजाराने मिळून करायचे काम

शेवटी एक सूचना. एका बाजारपेठेत वीस-पंचवीस पेढ्यांवर एकच प्रोग्राम असतो आणि मशीन बदलताना प्रत्येक जण एकटा तपासतो, एकटा ठेच खातो आणि लाजेने कोणाला सांगत नाही. आम्हीसुद्धा ते तगाद्याचे पत्र कित्येक महिने कोणाला सांगितले नाही. त्याच वर्षी शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या तारखाही अशाच उलटल्या होत्या, हे नंतर कळले. आम्ही बोललो असतो तर तो वाचला असता.

कापड व्यापाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या धंद्याचा बिलांचा एक सामायिक गठ्ठा तयार करावा. मशिनी आणि प्रिंटर शक्यतो एकाच जातीचे घ्यावेत, म्हणजे एका पेढीने सगळे तपासले की बाकीच्यांना फक्त आपल्या जागेचे जोड पाहावे लागतील. प्रोग्रामवाल्यांशी करार करतानाही संघटनेने मिळून तीन अटी घालाव्यात. प्रोग्राम कोणत्या विंडोजवर चालतो हे लेखी द्यावे. नवी आवृत्ती देताना कशाला हात लावला याची यादी द्यावी. आणि तारखेसारख्या गोष्टी मशिनीच्या मांडणीवर न सोडता प्रोग्रामने स्वतः सांभाळाव्यात. एकट्या गिऱ्हाइकाचे ते ऐकणार नाहीत, पंचवीस जणांचे ऐकतील.

आपला धंदा उधारीवर चालतो आणि उधारी विश्वासावर. वहीत नाव लिहिताना आपले वडीलधारे तारीख दोनदा वाचत. मशीन आली म्हणून ती सवय सोडायची नसते, ती मशिनीला लावायची असते. वाचक बंधूंनी या आठवड्यात एवढे तरी करावे. जुनी मशीन चालू आहे तोवर पंधरा बिले निवडून छापून ठेवावीत, आणि त्यातले एक ३ तारखेचे असावे.